चौदाव्या पायरीचा खरा सारांश

आम्ही दोघी एकाच तळघरात बावीस वर्षं कामाला होतो. जुने सिनेमे जपून ठेवणारी संस्था होती ती. तुटलेल्या, फाटलेल्या फिल्म्स मी जोडायचे आणि सारबाई त्या बघून त्यांची गोष्ट लिहायच्या. प्रत्येक सिनेमाचं एक जाड कार्ड असायचं. वर नाव, साल, रिळं किती, आणि खाली कथेचा सारांश. सारांश लिहितात म्हणून सारबाई. हे नाव कोणी ठेवलं ते मला माहीत नाही, पण त्यांच्या तोंडावरही सगळे तेच म्हणायचे आणि त्याही मुकाट्याने ओ द्यायच्या.

त्यांचा एकच नियम होता. पडद्यावर जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहायचं. 'नायक दुःखी होतो' असं वाक्य त्यांच्या कार्डावर शोधून सापडलं नसतं. 'नायक ताटाला हात न लावता उठतो' असं सापडलं असतं. मी एकदा म्हटलं, "अहो, न जेवता उठला म्हणजे दुःखीच असणार ना?"

"पोटात दुखत असेल," त्या म्हणाल्या. "तुला काय माहीत?"

दार वाऱ्याने लागलं की नोकराने लावलं एवढं बघायला त्या अख्खं रीळ मागे घ्यायच्या. एका विनोदी सिनेमात कोण कोणाला चुकून काय समजतो, हा गुंता नीट लिहायला त्यांना तीन दिवस लागले होते, आणि तीन दिवसांत त्या एकदाही हसल्या नव्हत्या. आमचे साहेब म्हणायचे, "सारबाईंच्या हातात सिनेमा देणं म्हणजे पोलिसात जबाब देणं." सारबाई ऐकायच्या आणि पेन्सिलीला टोक करायला घ्यायच्या.

घरी एकट्याच. लग्न केलेलं नव्हतं. दोन खोल्या, खिडकीत एक कुंडी, तीही बहुतेक वेळा सुकलेली. एका आड एक रविवारी त्या बहिणीला भेटायला जायच्या. "ताई दवाखान्यात असते," एवढंच सांगायच्या. पहिली दोन वर्षं मी समजत होते की ताई तिथे नर्स असेल. पुढे कोणाकडून तरी कळलं की तो दवाखाना मनाच्या आजाराचा आहे आणि ताई तिथे कामाला नाही. मग मी कानाला खडा लावला आणि तो विषय कधी काढला नाही.

'चौदावी पायरी' हा सिनेमा आमच्याकडे आला तेव्हा सारबाई छप्पन्न वर्षांच्या होत्या.

म्हणजे सिनेमा आधीपासून आमच्याकडे होताच. आमच्या जन्माच्या आधीचा, काळा-पांढरा, गाजलेला. सगळ्यांना तोंडपाठ होता. मुलीच्या मृत्यूनंतर भ्रमिष्ट झालेली बाई, तिला ऐकू येणारी पावलं आणि शेवटी तिला घेऊन जाणारी गाडी. गाडी वळणावर दिसेनाशी होते आणि सिनेमा संपतो, असंच सगळे मानत होते. पुस्तकांतही तसंच छापलेलं. आमच्या कार्डावर सारबाईंच्या आधीच्या कोणीतरी लिहिलेलं होतं, 'मुलीच्या मृत्यूने खचलेल्या एका आईचं मन हळूहळू कसं ढासळत जातं याची थरारक कथा.' सारबाईंनी नोकरीत शेकडो जुनी कार्डं नव्याने लिहिली होती. या एकाला हात लावलेला नव्हता. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग एका बंद पडलेल्या थेटराच्या अडगळीत याच सिनेमाचे नऊ डबे सापडले. आमच्या प्रतीत आठच होते. नववा डबा उघडला तसा आंबट वास सगळ्या तळघरात पसरला. फिल्म आक्रसली होती, कडा लाटेसारख्या वाकल्या होत्या. मला ती जोडायला तीन आठवडे लागले. जोडता जोडता दिसत होतं की गाडी गेल्यानंतरही चित्रं आहेत. चांगली चार मिनिटांची.

साहेब खूश झाले. खास खेळ ठेवायचा, पाहुणे बोलवायचे, एक छोटी पुस्तिका छापायची असं ठरलं. सारबाईंना ते म्हणाले, "जुनाच सारांश घ्या आणि शेवटी एक ओळ वाढवा. काम फत्ते."

"आधी बघते," सारबाई म्हणाल्या.

आमच्याकडे एक टेबल होतं, त्यावर रीळ हाताने पुढे-मागे फिरवून एका छोट्या काचेवर चित्र बघता यायचं. सकाळी दहाला आम्ही दोघी त्यापुढे बसलो. फिल्म नाजूक होती म्हणून रीळ मीच फिरवत होते. सारबाई लिहीत होत्या.

सिनेमाची गोष्ट अशी. एक चष्मेवाला आहे. खाली दुकान, वर घर, आणि दुकानाच्या मागून गच्चीवर जाणारा लाकडी जिना. गच्चीवर पाण्याची टाकी. त्याची सात वर्षांची मुलगी त्या टाकीत बुडून मरते. टाकीचं झाकण उघडं राहिलेलं असतं. कोणी उघडं ठेवलं ते कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. पुढे रोज दुपारी दोन ते चार, दुकान बंद असताना, बायकोला जिन्यावर अनवाणी पावलं ऐकू येऊ लागतात. जिन्याला पायऱ्या तेरा आहेत. ती मोजते, तर पावलं चौदा. बाहेर येऊन बघते तर कोणी नाही, पायऱ्यांवर पाण्याचे थेंब. नवरा दुकानातल्या बाकावर डोळे मिटून पडलेला. उठवलं की म्हणतो, तुला स्वप्न पडलं. एक दिवस ती पायऱ्यांवर खडूची पूड पसरते. पुडीत पावलं उमटतात. ती धावत शेजारणीला बोलवायला जाते. शेजारीण येते तोवर जिना स्वच्छ. शेजारीण तिच्याकडे बघते आणि तिचा हात हातात घेते, आजारी माणसाचा घ्यावा तसा. मग डॉक्टर येतात, इंजेक्शनं होतात, शेवटी गाडी येते. बाई गाडीत बसताना नवऱ्याला एवढंच म्हणते, "चौदा आहेत. मोजून बघा."

इथपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मग नववं रीळ.

घर रिकामं आहे. दुपारचे दोन. चष्मेवाला दुकानाचं दार लावतो, बाकावर पडतो, झोपतो. थोड्या वेळाने तो उठतो, पण डोळे मिटलेलेच. तसाच, झोपेत, अनवाणी जिना चढतो. तेरा पायऱ्या, आणि गच्चीच्या दारातला उंच उंबरा, ती चौदावी. टाकीशी जाऊन कोपरापर्यंत हात पाण्यात घालतो आणि काहीतरी चाचपडत राहतो. पुष्कळ वेळ. मग खाली येतो, बाकावर पडतो. आणि डोळे उघडतो. ओल्या बाहीकडे बघतो. बाकाखाली हात घालून एक फडकं काढतो, हात पुसतो, मग खालच्या पायरीपासून एकेक पायरी पुसत वर जातो. उंबराही पुसतो. फडकं पिळून दारामागे टांगतो. चार वाजता दुकान उघडतो. एक म्हातारं गिऱ्हाईक येतं. त्याच्या डोळ्यांवर काचा चढवून चष्मेवाला विचारतो, "आता स्पष्ट दिसतंय?" आणि सिनेमा संपतो.

मी हात थांबवला. सारबाई म्हणाल्या, "मागे घे. पुसतो तिथे."

मी घेतलं. त्यांनी ते पाच वेळा बघितलं. पाचव्या वेळी पेन्सिल खाली ठेवली.

"चढताना हा झोपेत आहे," त्या म्हणाल्या. "पण पुसताना जागा आहे."

"हो, डोळे उघडेच आहेत की."

"फडकं बाकाखाली तयारच होतं. म्हणजे रोज पुसत होता. जागेपणी." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मीही पुसलंय गं असं."

जेवणाचे डबे तसेच राहिले त्या दिवशी. मी फिल्म गुंडाळली, दिवा घालवला, आणि त्या बोलत राहिल्या. इतक्या वर्षांत त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

त्या सतरा वर्षांच्या असताना ताईकडे राहायला गेल्या. आई-वडील नव्हते. ताई नऊ वर्षांनी मोठी, तिनेच हिला वाढवलेलं. घरात तिघंच, ताई, भावजी आणि ही. ताई हिला 'छोटी' म्हणायची. भावजी औषधाच्या दुकानात कामाला, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. वाईट माणूस नव्हता, सारबाई मुद्दाम सांगत होत्या, थकलेला होता. त्या वर्षी ताईला मूल झालं ते मेलेलंच. त्यानंतर ताई झोपेनाशी झाली. बोलायची कमी, आणि बोलली की एकच. घरातल्या वस्तू कोणीतरी हलवतंय.

ती खरंच सांगत होती. वस्तू छोटी हलवत होती.

कॉलेजात सगळ्या मुलींकडे घड्याळ होतं, हिच्याकडे नव्हतं. ताई आता कुठे बाहेर जातच नव्हती. म्हणून ही सकाळी ताईचं घड्याळ उचलायची आणि दुपारी ठेवून द्यायची. मग शाल, मग चांगलं पेन. परत ठेवताना घाई व्हायची. घड्याळ उजव्या कप्प्यातलं डाव्यात जायचं. शालीची घडी वेगळी पडायची. ताई विचारायची, "छोटे, तू घेतलं होतंस का?" आणि ही म्हणायची, "मी कशाला घेऊ?" पहिल्यांदा खोटं बोलली ती लाजेने. दुसऱ्यांदा, पहिलं उघडं पडू नये म्हणून. मग ती सवयच झाली.

ताई वहीत लिहून ठेवू लागली. काय कुठे ठेवलं, कितव्या कप्प्यात, तोंड कुठल्या बाजूला. भावजींनी ती वही बघितली आणि ते घाबरले. वही बघून कोणीही घाबरलं असतं.

एक दिवस घड्याळ जागेवर सापडेना म्हणून छोटीने कपाटातला पत्र्याचा डबा उघडला. त्यात ताईने बाळासाठी विणलेला स्वेटर होता, तळव्याएवढा. घड्याळ त्याच्याखाली होतं, ताईने लपवलेलं. हिने घड्याळ घेतलं आणि स्वेटर परत ठेवला, पण बाह्या आत दुमडल्या नाहीत. ताईने डबा उघडला तेव्हा स्वेटरचे हात पसरलेले होते. ताई जी ओरडली ती शेजारच्या दोन बिऱ्हाडांना ऐकू गेली. "बाळ येऊन गेलं," ती म्हणत होती. "मी म्हणत होते ना, कोणीतरी येतंय."

भावजींनी डॉक्टर आणले. डॉक्टरांनी छोटीला बाजूला घेतलं. "तू घरात असतेस. घाबरू नकोस. काय चाललंय ते थोडक्यात सांग."

तिने चार वाक्यांत सांगितलं. ताई झोपत नाही. ताई म्हणते वस्तू हलतात. घरात आमच्याशिवाय कोणी नसतं. वस्तू कोणी हलवत नाही.

"पहिली तीन खरी होती," सारबाई मला म्हणाल्या. "माझा पहिला सारांश तो."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की धाकट्या बहिणीनेही दुजोरा दिला. तीन आठवड्यांसाठी म्हणून ताईला नेलं. तीन आठवड्यांचे सहा महिने झाले. दुसऱ्या वर्षी भावजींनी दुसरं लग्न केलं आणि गाव सोडलं. छोटी वसतिगृहात गेली, शिकली, आमच्या संस्थेत लागली. एकोणचाळीस वर्षं ती ताईला भेटायला जात होती, बिस्किटं आणि लोकर घेऊन, आणि एकोणचाळीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. ताई तिथल्या शिवणखोलीत काजं करायची. त्या वस्तूंचा विषय तिने पहिल्या वर्षानंतर कधी काढला नाही. काढला की औषध वाढतं हे तिला कळलं होतं.

"तुम्ही लहान होतात," मी म्हटलं.

"सतरा," सारबाई म्हणाल्या. "लहान लिहू नकोस. सतरा लिही."

चार दिवसांनी त्यांनी 'चौदावी पायरी'चा सारांश साहेबांपुढे ठेवला. दोन पानं. साहेबांनी वाचली आणि कपाळ चोळलं.

"सारबाई, हे फार लांबलं. आणि यात तुम्ही कुठे म्हणतच नाही की नवऱ्याला माहीत होतं. 'जागा होऊन पायऱ्या पुसतो' काय? सरळ लिहा ना, नवराच खलनायक."

"तसं दिसत नाही. दिसतं ते लिहिलंय."

"बरं, मग जुनं ठेवू. बायको भ्रमिष्ट."

"तेही दिसत नाही. तिला चौदा पावलं ऐकू येतात आणि पावलं चौदाच आहेत. तिने एकही गोष्ट खोटी सांगितलेली नाही."

"लोक चार ओळी वाचतात हो. कोण एवढं मोजत बसतंय?"

"ती मोजत बसली होती," सारबाई म्हणाल्या.

साहेबांनी हात टेकले, म्हणजे वरवर. पुस्तिका छापून आली तेव्हा आत जुनीच ओळ होती, मन हळूहळू ढासळत जाणाऱ्या आईची, आणि पुढे 'दुर्मिळ चार मिनिटांसह'. सारबाईंची दोन पानं कार्डाबरोबर कपाटात गेली. खेळाला गर्दी झाली. बाहेर पडताना लोक वाद घालत होते. एकजण ठासून सांगत होता की नववं रीळ म्हणजे त्या बाईचंच स्वप्न आहे. सारबाई तिथे नव्हत्या. त्या आदल्या दिवशी रजा टाकून गेल्या होत्या, आणि जाताना मला म्हणाल्या होत्या, "खेळ झाला की दुसऱ्या दिवशी येशील माझ्याबरोबर ताईकडे? दारापर्यंत ये, आत नको."

त्यांनी आणखी एक पान लिहिलं होतं. त्यांच्या नेहमीच्याच पद्धतीने. 'मला वाटलं' नाही, 'पश्चात्ताप' नाही. घड्याळ किती वाजता घेतलं, कुठे ठेवलं. ताईने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. डबा, स्वेटर, बाह्या. डॉक्टरांना सांगितलेली चार वाक्यं आणि त्यातलं खोटं कुठलं. खाली सही.

दारापर्यंत म्हणता म्हणता मी आतच गेले, कारण दारात त्यांनी माझा हात सोडलाच नाही. तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने पान दोनदा वाचलं, ताईंची फाईल मागवली, जुने पिवळे कागद उलटले.

"मी हे यात लावते," ती म्हणाली. "लावायलाच हवं. पण एक सांगू का? तुमच्या ताईंना तेव्हा आजार होता, बाळंतपणानंतरचा. ती वही, ते न झोपणं, ते सगळं तुमच्यामुळे नव्हतं. तुमच्या उत्तराने तो जास्त दिसला असेल. पण तो चार-सहा महिन्यांत आटोक्यात आला होता, इथे लिहिलंय. 'घरी नेण्यास हरकत नाही.' दोनदा लिहिलंय."

"मग?" सारबाईंनी विचारलं.

डॉक्टर जरा अडखळली. "न्यायला कोणी आलं नाही. पत्रं तुमच्या भावजींच्या पत्त्यावर जात राहिली, ती परत आली. तुमचाही पत्ता आहे इथे, नोकरी लागल्यानंतरचा. तुम्हाला कोणी कळवलं की नाही ते दिसत नाही."

सारबाईंनी पान परत मागून घेतलं. सहीच्या खाली जागा होती. तिथेच टेबलावर उभ्याउभ्या लिहिलं, 'नोकरीला लागल्यावर माझ्याकडे दोन खोल्या होत्या. ताईला घरी नेता येईल का, असं मी कधीही विचारलं नाही.' आणि पुन्हा सही केली. डॉक्टरने त्याची प्रत काढून फाईलला लावली आणि पान परत दिलं.

मग आम्ही शिवणखोलीत गेलो. लांबट खोली, दोन रांगांत यंत्रं, उंच खिडक्या. ताई शेवटच्या यंत्राशी. पासष्टीची बाई, केस बारीक कापलेले, चेहरा सारबाईंचाच पण जास्त निवांत. मला बघून म्हणाल्या, "ही कोण? आज रविवार नाही."

"माझ्याबरोबर काम करते. ताई, मला तुला काही सांगायचंय."

सारबाई स्टुलावर बसल्या आणि सांगितलं. पान हातात होतं, पण बघितलं नाही. ताईंचे हात काजावर होते ते थांबले. ऐकून संपल्यावर त्यांनी विचारलं, "घड्याळ कुठल्या हातात घालायचीस?"

"डाव्या."

"पट्टा सैल झाला होता. मी म्हणत होते, माझं मनगट बारीक झालं, की पट्टा सैल झाला."

"मी एक भोक पाडलं होतं पुढे. कधी जुन्यात परत लावायला विसरायचे."

"आणि पेन?"

"पेनही मीच."

"खिडकीची कडी?"

"नाही. कडी मी नाही."

"मग कडी माझीच असेल," ताई म्हणाल्या. त्यांनी समोरचं कापड सरळ केलं. पलीकडचं यंत्र खडखड चालू होतं. "म्हणजे मी बरोबर सांगत होते."

"हो."

"इथे सगळे सांगायचे, ते तुमच्या डोक्यात होतं. मग मीही म्हणायला लागले, हो, डोक्यात होतं. तसं म्हटलं की बरं वाटलं असं लिहितात." त्यांनी बहिणीकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, असता तर बरं झालं असतं. "आता मी काय करू गं हे घेऊन? पासष्टाव्या वर्षी?"

सारबाईंनी पानाची घडी घातली. ताई म्हणाल्या, "जा तू आता. आणि मी सांगेपर्यंत येऊ नकोस."

परतीच्या बसमध्ये सारबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला तर त्यांनी तो काढून घेतला नाही, एवढंच.

सात महिने निरोप आला नाही. त्या सात महिन्यांत सारबाई खंगल्या. कार्डं लिहीत होत्या, पण दुपारी डबा उघडून तसाच बंद करायच्या. रविवारी काय करायचं ते त्यांना कळेना. दोनदा त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. एकदा मी म्हटलं, "उगाच सांगितलंत का हो? दोघींचंही होतं ते गेलं." त्या म्हणाल्या, "माझं गेलं. तिचं काय होतं जायला?"

आठव्या महिन्यात त्या डॉक्टरचा फोन आला. ताईंनी बोलावलंय, आणि ते पान घेऊन यायला सांगितलंय.

या वेळी मी न सांगताच बरोबर गेले. शिवणखोलीत नेहमीच्याच दहा-बारा बायका होत्या. ताई उभ्या होत्या. "वाच," त्या म्हणाल्या. "यांच्यासमोर. या सगळ्यांनी मला वीस-वीस वर्षं ऐकवलंय की ताई, तुमचं डोकं."

सारबाईंनी वाचलं. तळघरात एकटीने पेन्सिल घासणारी बाई ती, चारचौघांत कधी बोललेली नव्हती. पण एक शब्द गाळला नाही. सहीच्या खालच्या दोन ओळीही वाचल्या. त्या ओळी ताईंनी अजून ऐकलेल्या नव्हत्या. त्या वाचताना मी ताईंकडे बघत होते. त्यांनी यंत्राच्या चाकावर हात ठेवला आणि चाक घट्ट धरलं.

बायकांपैकी काहींनी मान वर केली, काहींनी नाही. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या घरच्यांनाही कोणीतरी असं लिहायला सांगा." कोणी हसलं नाही. दुसरीने विचारलं, "मग आता ताई घरी जाणार?"

सगळ्यांनी सारबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ताई, येशील? खोल्या त्याच आहेत. दोन."

ताई म्हणाल्या, "बघू."

त्या आल्या. दोन महिन्यांनी, आठ दिवसांसाठी. सारबाईंनी नवी गादी आणली, खिडकीतली कुंडी बदलली. ताईंना दार आतून लावायची सवय राहिलेली नव्हती, उघडं टाकायच्या. रस्त्यावरच्या गाड्यांना दचकायच्या. दिवसभर करायला काही नाही म्हणून कंटाळायच्या. आणि सारबाई, त्यांच्यासमोर एकही वस्तू उचलताना, सांगून उचलायच्या. "ताई, मी कात्री घेतेय." "ताई, मी कात्री ठेवतेय, इथे." तिसऱ्या दिवशी ताई म्हणाल्या, "गप्प बस ना गं जरा." पण सारबाईंना ते थांबवता येईना. सहाव्या दिवशी ताईंनी पिशवी भरली. "तू वाईट नाहीस," त्या म्हणाल्या, "पण तुझ्याकडे राहिले की मला सारखं तेच घर दिसतं. तिथे माझं यंत्र आहे. मला पोचव."

सारबाईंनी पोचवलं. तिथून त्या थेट तळघरात आल्या. सुट्टीचा दिवस होता, मी एक तातडीची फिल्म जोडत बसले होते. त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, आणि छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या त्या बाईने टेबलावर डोकं टेकलं. मी काम चालू ठेवलं. त्यांना तेच हवं असावं, कारण थोड्या वेळाने त्यांनी न बघताच मला चिकटपट्टी पुढे केली.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने सारांश चार ओळींत बसवायला सुरुवात केली, आणि साहेब निवांत झाले. 'चौदावी पायरी'ची ती दोन पानं अजून कपाटात आहेत. कोणी मागितली तर मी काढून देते. सहा वर्षांत दोघांनी मागितली.

ताईंच्या उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू झालाय, शस्त्रक्रिया करायला त्या तयार नाहीत. सारबाई दर रविवारी जातात, एका आड एक नाही. यंत्राशेजारी स्टूल टाकून सुईत दोरा ओवून देतात. फारसं बोलणं होत नाही. ताई दोरा बोटाने ओढून बघतात, मग चाक फिरवतात. चार वाजता घंटा होते आणि भेटायला आलेल्यांना बाहेर पडावं लागतं.